वाचकांचे प्रश्न : तीन टोनांनी स्पॅम कॉल थांबतात का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीमधील एडिसन येथे राहतो. सासू-सासरे वर्षातील काही महिने आमच्याकडे असतात. त्यांना मोबाईलपेक्षा घरचा फोन सोयीचा वाटतो, म्हणून आम्ही लँडलाइन बंद केलेली नाही. तिच्यावर दिवसभर गाडीच्या वॉरंटीचे, विम्याचे, कर्जाचे यांत्रिक कॉल येत असतात. सासूबाई 'हॅलो, हॅलो' म्हणत राहतात, पलीकडे क्षणभर शांतता असते आणि मग ध्वनिमुद्रित आवाज सुरू होतो. सासऱ्यांनी शेजारच्या गराज सेलमधून 'टेलिझॅपर' नावाची एक जुनी डबी आणली आहे. फोन उचलला की ती टोन सोडते आणि त्यामुळे कॉल करणाऱ्या यंत्राला आपला नंबर बंद झाल्यासारखे वाटते, असे ते म्हणतात. हे खरे आहे का? ती डबी जोडावी का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपले सासरे सांगतात ते खरे आहे; मात्र ते २००१ साली जितके खरे होते तितके आज राहिलेले नाही. डबी जोडू नये असेच मी सुचवीन, पण तसे का, हे समजण्यासाठी ती मुळात कोणाला फसवत होती ते पाहावे लागेल.

उत्तर अमेरिकेत बंद झालेला किंवा चुकीचा नंबर फिरवला, तर निवेदन सुरू होण्यापूर्वी एकापाठोपाठ एक चढत जाणारे तीन टोन ऐकू येतात. ते आपण नक्कीच ऐकले असतील. माणसाचे लक्ष वेधून घेणे हा त्यांचा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग असा की, त्या टोनांमध्ये यंत्राला वाचता येईल असा निरोप भरलेला असतो. पहिला टोन ९१३.८ किंवा ९८५.२ हर्ट्झचा, दुसरा १३७०.६ किंवा १४२८.५ हर्ट्झचा आणि तिसरा नेहमीच १७७६.७ हर्ट्झचा असतो. पहिले दोन टोन कधी सुमारे २७५ मिलिसेकंद वाजतात, कधी ३८० मिलिसेकंद. उंची आणि लांबी यांची जोडणी बदलली की अर्थ बदलतो. पहिले दोन्ही टोन खालच्या उंचीचे आणि आखूड असतील, तर नंबर बदलला आहे किंवा सेवेतून काढला आहे. पहिला वरच्या उंचीचा व लांब आणि दुसरा खालच्या उंचीचा व आखूड असेल, तर असा नंबर कोणाला दिलेलाच नाही. दोन्ही वरच्या उंचीचे आणि लांब असतील, तर मार्ग मोकळा नाही. कॉल का लागला नाही, हे कोणीही निवेदन ऐकत न बसता कंपनीच्या तपासणी यंत्रांना नोंदवता यावे, अशी ही सोय होती. आंतरराष्ट्रीय मानकात हेच टोन ९५०, १४०० आणि १८०० हर्ट्झचे आहेत आणि प्रत्येकी ५० हर्ट्झ इकडेतिकडे झालेले चालते. म्हणजे अमेरिकी टोन त्या मर्यादेतच बसतात आणि मानक पाळणारे कोणतेही यंत्र ते ओळखू शकते.

आता कॉल करणाऱ्याकडची बाजू पाहू. टेलिमार्केटिंगच्या कार्यालयात माणसांनी नंबर फिरवणे फार पूर्वीच थांबले. तेथील डायलर नावाची यंत्रणा, बरेचसे कॉल कोणी उचलणार नाही असा अंदाज बांधून, बसलेल्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकाच वेळी फिरवते. नंतर ती प्रत्येक लाइन 'ऐकते' आणि रिंग वाजते आहे, एंगेज टोन आहे, आन्सरिंग मशीन बोलते आहे की जिवंत माणूस, हे ठरवते. माणूस 'हॅलो' एवढेच म्हणून थांबतो. आन्सरिंग मशीन मात्र न थांबता लांबलचक वाक्ये बोलत राहते. सासूबाईंना ऐकू येणारी शांतता ही अशा मोजमापाची असते. कॉल माणसाकडे जायचा असेल, तर मोकळा माणूस मिळेपर्यंतचा वेळही तिच्यात मिळतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमांनुसार उचलणाऱ्याचे 'हॅलो' संपल्यापासून दोन सेकंदांत विक्रेत्याने बोलायला हवे आणि उचललेल्या कॉलपैकी तीन टक्क्यांहून अधिक असे अधांतरी राहता कामा नयेत. नियम पाळणाऱ्यांनाच तो लागू पडतो, हे सांगायला नको.

या ऐकण्याच्या टप्प्यात डायलरला ते विशेष टोन सापडले, तर तो फोन ठेवून द्यायचा आणि यादीत त्या नंबरापुढे 'बंद' अशी खूण करायचा, कारण मेलेल्या नंबरावर पुन्हा वेळ घालवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. टेलिझॅपरने नेमकी हीच सवय हेरली. आपण किंवा आन्सरिंग मशीनने फोन उचलताच ती डबी त्या टोनांशी जुळणारा आवाज लाइनवर सोडत असे. तिची किंमत सुमारे ५० डॉलर होती आणि ती विकणारी कंपनी डर्ट डेव्हिल नावाचे व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या रॉयल अप्लायन्सची उपकंपनी होती. घरातला कचरा काढणाऱ्यांनीच फोनवरचा कचराही काढायला घेतला, असे तेव्हा कोणी म्हणाले असल्यास नवल नाही.

डबीची धार बोथट कशाने झाली? पहिले कारण साधे आहे. डायलर बनवणाऱ्यांना तिची माहिती होताच त्यांनी आपली सॉफ्टवेअर बदलली आणि फोन उचलल्यानंतर येणाऱ्या अशा टोनाकडे दुर्लक्ष करण्याची सोय त्यांत घातली. दुसरे कारण मूलगामी आहे. जुन्या साध्या लाइनवर डायलरला पलीकडे काय झाले हे कानांनीच समजून घ्यावे लागे. फोन उचलला गेला की नाही, याची वेगळी सूचना त्याला मिळत नसे. आजच्या जाळ्यात आवाज एका वाटेने जातो आणि कॉलची स्थिती सांगणारे संदेश दुसऱ्या वाटेने. नंबर अस्तित्वात नसेल, तर जाळे 'कारण क्रमांक १', म्हणजे न दिलेला नंबर, असा संदेश परत पाठवते. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये त्याच अर्थाचा ४०४ हा क्रमांक येतो. बंद नंबराचे निवेदन आणि त्याआधीचे तीन टोन जरी ऐकू आले, तरी ते कॉल 'उचलला' असे न नोंदवताच ऐकवलेले असतात, म्हणूनच त्यांचे पैसे लागत नाहीत. आपली डबी मात्र फोन उचलल्यावर बोलते. तोपर्यंत आपल्या एक्स्चेंजने 'कॉल उचलला गेला' हा संदेश पुढे पाठवलेला असतो, बिलाचे मीटर सुरू झालेले असते आणि मगच नंबर बंद असल्याचा टोन निघतो. दार उघडून 'मी वारलो आहे' असे सांगणाऱ्या माणसावर जितका विश्वास बसेल, तितकाच त्या टोनावर.

तिसरे कारण पैशांचे आहे. इंटरनेटवरून कॉल करण्याचा खर्च इतका उतरला आहे की यादीतून मेलेले नंबर वेचून काढण्याची गरज फसवणूक करणाऱ्यांना वाटत नाही. ते एका ओळीने नंबर फिरवत जातात आणि यादी स्वच्छ ठेवण्याच्या ज्या काळजीवर टेलिझॅपरची सारी करामत उभी होती, ती काळजीच नाहीशी झाली आहे.

तरीही एखादा जुना डायलर, किंवा दोन जाळ्यांच्या सांध्यावर कारण क्रमांक गळून पडत असल्यामुळे अजूनही कानांवर विसंबणारी एखादी यंत्रणा, त्या टोनाला फसू शकते. मग जोडायला हरकत काय, असे आपण विचाराल. हरकत अशी की, औषधाच्या दुकानाचा 'औषध तयार आहे' हा निरोप, डॉक्टरांकडील वेळेची आठवण, बर्फामुळे शाळा बंद असल्याची सूचना हे सारे कॉलही डायलरच करतात. आपला नंबर 'बंद' म्हणून त्यांच्या यादीतून निघाला, तर निघाल्याचे आपल्याला कळणारही नाही. घरात वृद्ध माणसे असताना हा धोका मला विम्याच्या चार कॉलपेक्षा मोठा वाटतो. शिवाय भारतातून फोन करणारे नातेवाईक तो टोन ऐकून फोन ठेवतील, ते वेगळेच.

आपली लँडलाइन केबल किंवा फायबरवरून येत असेल, तर नोमोरोबोसारखी सेवा अधिक कामाची आहे. फेडरल ट्रेड कमिशनने यांत्रिक कॉल रोखण्यासाठी स्पर्धा घेतली होती. तिच्या २०१३ मध्ये जाहीर झालेल्या विजेत्यांपैकी एकाची ही कल्पना. आपल्याकडे येणारा कॉल त्याच वेळी त्यांच्या संगणकावरही वाजतो. नंबर कुख्यात असेल तर तो संगणक आपल्याआधी उचलतो आणि तोडतो. आपल्याला एकच रिंग ऐकू येते. पहिली रिंग वाजली की लगेच धावू नका, दुसरी वाजू द्या, एवढे मात्र सासूबाईंना सांगून ठेवावे लागेल. अमेरिकेतील मोठ्या दूरध्वनी कंपन्यांना ३० जून २०२१ पासून इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलच्या नंबरावर डिजिटल सही, म्हणजे दिसणारा नंबर बनावट नसल्याची खूण, करणे बंधनकारक झाले आहे. लाइन जुन्या तांब्याच्या तारेची असेल, तर त्या सहीचा लाभ आपल्यापर्यंत पोहोचत नाही. लाइन बदलायचा विचार असेल, तर हे एक कारण त्यात धरावे. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय 'डू नॉट कॉल' यादीत नंबर घातला नसेल, तर तोही घालावा. ती यादी फसवणूक करणाऱ्यांना थांबवत नाही, पण एक सोय होते : नाव घातल्यानंतरही ओळखदेख नसलेली कंपनी काही विकायला फोन करत असेल, तर ती विश्वासार्ह नाही हे लगेच समजते.

प्रश्न : मी या तीन टोनांची ध्वनिफीत इंटरनेटवरून उतरवून घेतली आहे. अनोळखी नंबरावरून कॉल आला की उचलतो आणि दुसऱ्या मोबाईलवरून ती फीत वाजवतो. तेव्हापासून कॉल कमी झाल्यासारखे वाटतात. हा उपाय भारतात कितपत चालतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कॉल कमी झाले असतील, तर आनंद आहे, पण त्याचे श्रेय त्या फितीला देणे कठीण आहे. भारतीय लँडलाइनवर हे तीन टोन कधी रुळलेच नाहीत. आपल्याकडे डायल टोन, एंगेज टोन आणि नंबर न मिळाल्याचा टोन हे सगळे ४०० हर्ट्झच्या आसपासच्या एकाच आवाजाचे असत आणि फरक असे तो वाजण्या-थांबण्याच्या लयीचा. एंगेज टोन पाऊण सेकंद वाजून पाऊण सेकंद थांबतो. नंबर न मिळाल्याचा टोन अडीच सेकंद वाजून अर्धा सेकंद थांबतो. ज्यांच्या घरी चकतीचा काळा फोन होता, त्यांना हे वर्णन वाचतानाच तो आवाज ऐकू येईल. मोबाईल आल्यावर या टोनांची जागा मुख्यतः निवेदनांनी घेतली.

जीएसएम या मोबाईल तंत्राच्या मानकात हे तीन टोन आहेत हे खरे, पण तेथे ते निराळ्या रीतीने वाजतात. नंबर चुकीचा असल्याचा संदेश जाळ्याकडून आला की कॉल करणाऱ्याचा स्वतःचा हँडसेट ते टोन तयार करून त्याच्या कानाशी वाजवतो. म्हणजे तो आवाज जाळ्यातून प्रवास करून येत नाही. प्रवास करतो तो संदेश. आपण फीत वाजवता तेव्हा आवाज जातो आणि संदेश मात्र 'कॉल उचलला' असाच जातो. त्यातही मोबाईलमध्ये आवाज कमीत कमी माहितीत बसवून पाठवण्याची पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली असते आणि पंखा किंवा हॉर्न यांसारखा सलग नाद गोंगाट समजून काढून टाकण्याची व्यवस्था बहुतेक हँडसेटमध्ये असते. दुसऱ्या मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून निघून आपल्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला टोन पलीकडे कोणत्या अवस्थेत पोहोचत असेल, ते न बोललेले बरे. चालू कॉलमध्ये थेट आवाज मिसळण्याची मुभा ॲंड्रॉइड किंवा आयफोन बाहेरच्या ॲपना देत नाहीत, त्यामुळे 'टोन सोडणारे ॲप' म्हणून जी काही विकली जातात त्यांवर पैसे घालवू नयेत.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे नकोसे कॉल करणारा पुष्कळदा यंत्र नसतोच. दहा आकडी साध्या सिमवरून बोलणारा, महिन्याचे लक्ष्य डोक्यावर असलेला पोरगा किंवा पोरगी असते. ती माणसे टोन ऐकून गोंधळतील, 'हॅलो सर' म्हणतील आणि संध्याकाळी पुन्हा फोन करतील.

तेव्हा उचलून फीत वाजवण्याऐवजी उचलूच नये. कॉल तोडूही नये असे मी म्हणेन, कारण तोडल्यावर पलीकडे जाणारा संदेश नुसती रिंग वाजत राहिल्याच्या संदेशाहून वेगळा असतो आणि नंबराशी कोणी तरी जिवंत बसले आहे, हे त्यातून उघड होते. आवाज बंद करून रिंग वाजू द्यावी. नंतर तक्रार करावी, आणि ती मात्र आळस न करता करावी. दूरसंचार नियामक संस्था ट्रायने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी नकोशा व्यापारी कॉलविषयीच्या २०१८ च्या विनियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार तक्रारीसाठी आता तीनऐवजी सात दिवस मिळतात. नोंदणी नसलेल्या कॉल करणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आपला नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातींचे कॉल नको असलेल्यांच्या यादीत, असण्याची अट राहिलेली नाही. आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की अशा नंबरावर कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. पाच हा आकडा फार मोठा नाही. एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढी मंडळी सहज सापडतात. तक्रार १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरून करता येते; कॉल करणारा नंबर, तारीख आणि काय विकत होता याची एक ओळ पुरते. डीएनडीत नंबर घालण्याची सोयही १९०९ वरच आहे.

कॉल कुठून येतो यावरही नजर ठेवावी. नोंदणीकृत जाहिरातींचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालये यांचे कामाचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून यावेत, अशी विभागणी केलेली आहे. साध्या दहा आकडी नंबरावरून कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हणाले, तर पुढचे संभाषण न करणे उत्तम.

आपले कॉल कमी होण्याचे खरे कारण बहुधा जाळ्याच्या आत आहे. सप्टेंबर २०२४ पासून एअरटेलने संशयास्पद कॉल स्वतः ओळखून पडद्यावर इशारा द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या महिन्यात सरकारने, परदेशातून निघून भारतीय नंबर धारण करून येणारे कॉल रोखणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच तिने सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचे दूरसंचार विभागाने जाहीर केले होते. यांपैकी एकाही कॉलवर आपल्याला फीत वाजवावी लागली नाही.

प्रश्न : तोंडाने शिट्टी वाजवून अमेरिकेत फुकट फोन करता येत असे, असे वाचले. हा त्याच टोनांचा प्रकार का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : टोन निराळा, पण घराणे एकच. अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या लाइनवर जुन्या काळी २६०० हर्ट्झचा टोन 'ही लाइन मोकळी आहे' याची खूण होता, आणि तो संभाषणाच्या त्याच तारेवरून जात असे. फुकट चालणाऱ्या नंबराला फोन लावून मध्येच २६०० हर्ट्झचा आवाज काढला, की पलीकडच्या एक्स्चेंजला ग्राहकाने फोन ठेवला असे वाटे. बिलाच्या लेखी मात्र फुकटचा कॉल चालूच राही, आणि त्या मधल्या अवस्थेत दुसरे टोन वापरून हवा तो नंबर लावता येई. कॅप्टन क्रंच या नाश्त्याच्या धान्याच्या खोक्यात मुलांसाठी मिळणारी शिट्टी नेमकी त्या उंचीची निघाली आणि जॉन ड्रेपर या गृहस्थांना पुढे तेच टोपणनाव चिकटले. ॲपल स्थापन करण्यापूर्वी स्टीव्ह वोझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्स यांनी असे टोन काढणारी 'ब्लू बॉक्स' यंत्रे विकली होती, हे आपल्या वाचनात आले असेल. हा अर्थातच गुन्हा होता आणि ड्रेपर यांनी त्यासाठी तुरुंगवासही भोगला.

शिट्टी एक्स्चेंजला फसवत असे, टेलिझॅपर डायलरला. दोघांचे बळ एकाच उणिवेत होते : आवाज आणि हुकूम एकाच तारेवरून चालत. एटी अँड टीने १९७६ पासून हुकुमांसाठी स्वतंत्र वाट उभारायला घेतली, पुढे जगभर तीच रीत झाली आणि शिट्टी निकामी ठरली. डायलरपर्यंत त्या वाटेची माहिती पोहोचायला आणखी काही दशके लागली, एवढाच दोघांच्या कहाणीतला फरक.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात संगणकावर चालणारा ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या फोनांचा छोटा एक्स्चेंज, आहे. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने सांगितले की, स्पॅम कॉलना 'नंबर अस्तित्वात नाही' असा टोन ऐकवण्याची सोय त्यात आहे. ती सुरू करावी का? रिसेप्शनवरील मुलगी दिवसभर कर्जाचे आणि जाहिरातींचे कॉल घेऊन वैतागली आहे.
— एक डॉक्टर, नाशिक

उत्तर : आपला ईपीएबीएक्स बहुधा ॲस्टेरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरवर चालत असावा. त्यात 'झॅपाटेलर' नावाची आज्ञा आहे आणि ती हे तीन टोन वाजवते. ज्या कॉलबरोबर नंबर येत नाही त्यालाच टोन ऐकवण्याचा पर्यायही तिच्यात आहे. तरी ती सुरू करू नये. वर एडिसनच्या वाचकांना जे कारण सांगितले ते दवाखान्याला दुपटीने लागू आहे : मोठ्या रुग्णालयाच्या स्विचबोर्डवरून किंवा परदेशातून येणारा कॉल कधी कधी नंबराशिवाय येतो, आणि पलीकडे अत्यवस्थ रुग्णाचा मुलगा असू शकतो. त्याला 'हा नंबर अस्तित्वात नाही' असे ऐकवणे परवडणार नाही.

मात्र टोनांचा उपयोग करायचाच असेल, तर तो उलट बाजूने करावा. आपण टोन सोडण्याऐवजी कॉल करणाऱ्याला सोडायला लावावा. कॉल उचलताच यंत्राने मराठीत म्हणावे : 'अपॉइंटमेंटसाठी चार दाबा, तातडीचे असल्यास सात दाबा.' कॉल करणाऱ्याने चार दाबले की ७७० आणि १२०९ हर्ट्झचे दोन टोन एकाच वेळी निघतात. सात दाबले की ८५२ आणि १२०९. काही जाळ्यांत ते आवाजाच्या रूपात येतात, काहींत नुसता 'चार दाबले' असा संदेश येतो. ईपीएबीएक्सला दोन्ही समजतात. ध्वनिमुद्रित जाहिरात वाजवणारे यंत्र काहीच दाबत नाही, आपले बोलत सुटते, आणि दहा सेकंद कोणतेही बटण दाबले गेले नाही की कॉल तोडायला ईपीएबीएक्सला सांगता येते. रिसेप्शनवर फोन वाजतच नाही.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिला पर्याय 'एक दाबा' असा ठेवू नये, कारण काही यंत्रे आंधळेपणाने एक दाबून पाहतात. आणि ज्यांना बटणे दाबणे जमत नाही अशा वृद्ध रुग्णांसाठी, तसेच आधी येऊन गेलेल्या ज्या रुग्णांचे नंबर आपल्या नोंदीत आहेत त्यांच्यासाठी, कॉल थेट रिसेप्शनवर जाईल अशी वाट ठेवावी. नोंदीतील नंबर ओळखून सोडणे हे ईपीएबीएक्सचे अगदी साधे काम आहे. दहा सेकंदांनंतर कॉल तोडण्याऐवजी एखाद्या जादा फोनवर किंवा ध्वनिमुद्रणावर वळवला, तर अडलेला माणूस सुटून जाणार नाही. बोलणे समजून घेऊन बटण दाबणारी नवी यंत्रे यातूनही आत शिरू शकतात. पण आज रिसेप्शनला छळणाऱ्या कॉलपैकी पुष्कळसे त्या दर्जाचे नाहीत. सिमवरून बोलणारी हाडामांसाची माणसे मात्र चार दाबून आत येतीलच. त्यांच्यासाठी १९०९ आहे.

प्रश्न : 'दोन तासांत आपला मोबाईल नंबर बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा' असा ट्रायच्या नावाने कॉल आला. नऊ दाबले असते तर काय झाले असते?
— एक वाचक, पणजी

उत्तर : कॉल एखाद्या ठगाकडे जोडला गेला असता. आपल्या नावावर गुन्हा आहे, आधार क्रमांकाचा गैरवापर झाला आहे असे सांगत त्याने आपल्याला व्हिडिओ कॉलवर बसवून घेतले असते. नऊ दाबणे म्हणजे आपण निरोप ऐकला, घाबरलो आणि बोलायला तयार आहोत, हे यंत्राला स्वतःच कळवणे होय. 'असे कॉल नको असतील तर अमुक दाबा' या सूचनेलाही हेच लागू आहे. तेही बटण दाबू नये. ट्राय कोणाचा मोबाईल नंबर बंद करण्यासाठी असे कॉल करत नाही, हे त्या संस्थेने वारंवार जाहीर केले आहे. पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील 'चक्षू' या सोयीत त्या नंबराची नोंद करावी. ही सोय मार्च २०२४ पासून उपलब्ध आहे. पैसे गेले असतील, तर चक्षूवर वेळ न घालवता लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकाला फोन करावा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता राहते.